गुऱ्हाळावर आलेला ह्रवात

त्यो आला तवा माजी पोर अजून मान बी धरत न्हवती आन् गुऱ्हाळाचा हंगाम नुकता कुटं सुरू झालता. कसबा बावड्याच्या शिवंला, साखर कारखान्याच्या पल्याड, चारी बाजूनं ऊस आन् मधी गुऱ्हाळ. माजा नवरा तितलं रस काढायचं इंजन चालवायचा, म्हणून चरकाच्या मागच्या दोन खोल्यांत आमी राह्यचो, ह्ये, मी, पोर आन् माजी सासू. सासूला मी आत्ती म्हंतो. आणीबाणीचं साल हुतं.

मी उन्हात पोरीची लंगोटं वाळत घालालतो, आन् आजऱ्याकडनं आल्याला काजूच्या पोत्यांचा एक ट्रक रस्त्याला थांबला, त्यातनं एक माणूस उतारला. गोरा. उन्हानं भाजून लाल झाल्याला, दाढी वाढल्याली, पायात बूट हायत पर मोजं न्हाईत. ड्रायव्हर वरनं वरडला, "ओ पावणं, घाटातनं ह्येला आणलाय, गुळाचा वास आला आन् हितंच उतरीव म्हणालाय, बगा काय करायचं ते!" आन् गेला की निघून.

मी पोरीला उचाललं आन् दाराच्या आत. मला कुत्रं भुकलं तरी भ्या वाटायचं त्या दिसांत, नवी बाळंतीण, जीव सगळा पोरीत. आत्ती मातूर कुणाला भ्याची न्हाय. कमरंवर हात ठिवून ती त्येच्याम्होरं हुबी राह्यली. "कोण गा तू? कुटला?"

त्येनं छातीवर हात मारला. "ह्रवात."

"काय?"

"ह्रवात. ह्रवात." आन् डोळं पाण्यानं भरल्यालं.

आत्ती माज्याकडं वळली. "आगं, हरवलाय म्हणालाय! वाट हरवलीया बिचाऱ्याची. मराठी येतंय की ह्येला. जा, भाकरी आण."

मराठी कसलं येतंय डोंबल. पर आमी हरवलास व्हय म्हणून इचारलं की त्यो जोरात मान हलवायचा, छाती बडवायचा, ह्रवात, ह्रवात. हरवल्याल्याला हाकलायचं नसतंय, आसं आत्तीचं म्हणणं. तिनं भाकरीवर काकवी वतली, त्येनं खाल्ली, ताट बोटानं निपटून खाल्लं, आन् गुऱ्हाळाच्या मालकास्नी आत्तीनंच जाऊन सांगटलं, एक हरवल्याला गडी आलाय, अंगानं धडधाकट हाय, ठिवून घ्या. मालकास्नी बी माणूस पायजेच हुता. रस काढून वाळवल्याली चिपाडं, रस आटवायच्या काहिलीखालच्या भट्टीत सारत बसायचं काम, त्या जाळाम्होरं कुणी टिकत न्हवतं. ह्यो टिकला. बोटीच्या इंजनात काम केल्याला माणूस, त्येला जाळ म्हंजे घरच्यावाणी. चरकाच्या बाजूला पाचटाची खोप घालून राह्यला, आन् सगळं बावडं त्येला 'हरवल्याला' म्हणाय लागलं. ए हरवल्याल्या, हिकडं ये. हरवल्याल्या, चा पी.

बोलाय लवकर शिकला. आमच्यात बाई बी जातो म्हंती आन् बाप्या बी जातो म्हंतो, त्येला सोपं गेलं. मला वैनी म्हणायचा. तवा कळलं त्येची वाट बीट काय हरवली न्हवती. भट्टीतली राख पसरून त्येनं काटकीनं काढून दावलं, ह्यो समिंदर, ह्यो युगोस्लाव्हिया म्हणून देश, आन् त्यात ह्यो आमचा मुलूख. कागदावर क्रोएशिया लिवत्यात, पर तितली माणसं सोताला ह्रवात म्हंत्यात. म्हंजे पैल्या दिशी त्यो जात सांगत हुता आन् आमी त्येला भाकरी घातली वाट चुकला म्हणून. ह्ये इतकं हासलं, इतकं हासलं, इंजन बंद करून हासलं. त्यो बी हासला. मग म्हणाला, "न्हाय, पर वैनी, ते बी खरंच हाय."

त्येच्या मुलखाचं येगळं राज्य पायजे म्हणून त्यो आन् त्येच्यासारखी पोरं झगडत हुती. देशातनं पळाला, जर्मनीत राह्यला, मग दुसऱ्याच्या नावानं बोटीवर लागला. गोव्यात मुरगावच्या बंदरात बोटीनं लोखंडाची माती भरली, आन् तवा त्येला कळलं की बोट जाणार ती त्येच्याच मुलखातल्या बंदराला. तितं गेला की फास. चा प्यायला म्हणून उतारला ते परत चढलाच न्हाय. आन् त्येच्या देशाचं सरकार आन् आपलं दिल्लीचं सरकार दोस्त, हितं घावला तरी बांधून तिकडंच धाडणार. म्हणून खाकी कापडं दिसली की त्यो उसात.

आत्तीचं आन् त्येचं रोज भांडान. ती गुळाच्या ढेपंला फडकं बांधत बसायची आन् त्यो जाळ सारत.

"आमचं बी राज्य हुतंच की गा," आत्ती म्हणायची. "राजा हुता, हत्ती हुतं, दसऱ्याला सोनं लुटाय सगळं गाव. एक दिशी म्हणालं, राज्य इलीन झालं. झालं तर झालं. आमी काय कुणाचं घर पेटवाय गेलतो?"

"तुमाला तुमची भाषा बोलू दिली, आत्ती."

"बोलू न द्याला कुणाची टाप हाय!"

"आमाला न्हाय दिली. माज्या बाला लग्नात गाणं म्हटलं म्हणून धरून न्येलं. जुनं गाणं, आमच्या झेंड्याचं. परत आला तवा त्येला हसाय येत न्हवतं."

आत्ती म्हणाली, "आसलं सरकार जळू दे," आन् त्येला काकवी दिली. मला बी वाईट वाटलं. माजी पोर त्येच्याकडं बगून हसायची, त्यो धुऊन पुसून हात वाळवून मग तिला घ्याचा, आन् त्येच्या भाषेत कायबाय गुणगुणायचा, ती झोपायची. मी द्यायचो तिला त्येच्याकडं. का न्हाय द्यायची?

मग एक दिशी जेवता जेवता त्येनं सांगटलं. मी इचारलं बी न्हवतं. जर्मनीत त्येच्या देशाच्या सरकारचं हापीस हुतं, तितं त्येनं आन् त्येच्या सोबत्यांनी एक पिशवी ठिवली. हापीस बंद आसताना उडावं, भिती पडावी, पेपरात नाव यावं, एवढंच मनात. पर झाडाय एक बाई लवकर आली.

माजा घास हातात राह्यला. "मेली?"

"न्हाय. हात गेलं. दोनी."

"तिला पोरं हुती?"

"म्हाईत न्हाय." त्यो भाकरी मोडत राह्यला. "वैनी, लढाईत आसं व्हतंय."

मी ताट उचाललं आन् आत आलो. हात नसल्याली बाई पोराला घ्यायची कशी, पाजायची कशी, लंगोट बांधायची कशी, दिसभर माज्या डोक्यात तेच. त्या दिसापास्नं मी पोर त्येच्याकडं दिली न्हाय. त्यो धुतल्यालं हात म्होरं करायचा, मी म्हणायचो झोपालीया, जागी आसली तरी. त्येला कळलं.

हंगाम निम्म्यावर आला, आन् एक दिशी दुपारी रस्त्यावर धुरळा उडीवत एक मोटार आली. आता त्या साली मोटार म्हंजे नसबंदीची जीप, दुसरं काय न्हाय. कुणीतरी वरडलं "आली रं!" आन् काहिलीवरला, चरकावरला, मोळ्या टाकणारा, झाडून सगळं बापय उसात. माजा नवरा तर इंजन बंद न करताच पळाला, चरक नुसताच फिरालाय. आन् आमचा हरवल्याला बी पळाला, त्येचं भ्या येगळं हुतं एवढंच. गुऱ्हाळावर राह्यलो आमी बायका, आत्ती आन् मी.

मोटारीतनं नसबंदीवालं उतारलं न्हाईत. गोरा माणूस उतारला, गुळगुळीत दाढी, पांढरा सदरा, हातात खाकी कापडाची पिशवी. मोडक्या हिंदीत म्हणाला, "ह्रवात? इदर ह्रवात आदमी?"

मी आत्तीला डोळ्यानं खुणावलं, गप. पर तिला आनंदच मावंना. "आगं बाई, हरवल्याल्याला शोधाय आलं घरचं माणूस! ये बाबा, ये, हितंच हाय तुजा भाऊ!" आन् उसाकडं तोंड करून हाक, "ए हरवल्याल्याऽऽ, तुजं पावणं आल्यात रंऽऽ!" बावड्यात ऐकू गेली आसंल.

त्यो उसातनं आला. पांढऱ्या सदऱ्याला बगितलं आन् त्येचं तोंड राखंसारकं झालं. पांढऱ्या सदऱ्यानं गळामिठी मारली, दोगं खोपीत बसून त्येंच्या भाषेत बोललं, एक बोलालाय आन् दुसरा नुसता मान खाली. मग मोटार गेली. पिशवी राह्यली.

आत्ती उसाच्या कडंनं हाका मारत फिराय लागली, "या रं बाबांनो, जीप न्हवती, पावणा हुता, कुणाचं कायबी कापत न्हाय!" आन् त्यो ती पिशवी छातीशी धरून माज्या दारात आला.

"वैनी, ही आवसंपतोर ठिवून घे."

"काय हाय तीत?"

त्यो माज्यापाशी खोटं बोलला न्हाय, एवढं मी म्हणंन. पिशवीचं तोंड उगडून दावलं. त्येलकट कागदात गुंडाळल्याल्या पिवळ्या वड्या, धुण्याच्या साबणासारक्या, आन् तारा. "सोबती आल्यात. दिल्लीत युगोस्लाव्हियाच्या सरकारचा मोठा माणूस येणार हाय. मला जायाचं हाय. तवर खोपीत नको, कोणबी येतंय. तुज्या पाळण्याखाली फळी हाय, तितं ठिव. तान्ह्या पोराच्या पाळण्याखाली कुणी बगत न्हाय."

नवरा अजून उसात, आत्ती लांब, पोर काखंत. मला पाचवीपतोर शाळा, दिल्ली कुटं ते नकाशात दावता येणार न्हाय, आन् ह्यो माणूस दिल्लीचं मरान माज्या पोरीच्या पाळण्याखाली ठिव म्हणालाय. पर तोंडातनं निघालं ते सरळ निघालं.

"न्हाय."

"वैनी..."

"त्या झाडणाऱ्या बाईला कुणी इचारलंच न्हाय. मला इचारालाईस न्हवं? मग ऐक. न्हाय."

"पोलिसास्नी सांगणार?"

मी इचार केला. खरंच केला. सांगटलं तर ह्येला फास, आमच्या भाकरीला आल्याल्या माणसाला फास. गप बसलो तर पोरीखाली जाळ, आन् तिकडं दिल्लीत आणिक कुणाच्या तरी घरात. दोनी नको.

"पोलिसास्नी सांगत न्हाय. पर ही पिशवी हितं बी राह्यची न्हाय आन् दिल्लीला बी जायाची न्हाय. चल नदीला. माज्या डोळ्याम्होरं बुडीव."

"तू काय बोलालीस, वैनी? ह्यो माजा देश हाय!"

"देश आसा पिशवीत घालून पाळण्याखाली सारतोय व्हय कोण?" मी वरडलो. मला माजाच आवाज वळकंना. "चल म्हणालो न्हवं! न्हायतर हितं हुबा राहून बोंब मारतो, मग सगळं बावडं येतंय."

आन् मी निघालो. मागं बगितलं न्हाय, बगितलं आसतं तर बसलो आसतो तितंच. उसातल्या वाटंनं, पाला तोंडाला कापालाय, पोरीच्या डोक्यावर पदर, मी तिला छातीशी धरून चालालोय. मागं त्येचं बूट वाजत हुतं. हितं पडला तर? पिशवी आपटली तर? एक एक पाऊल मी ऐकत हुतो आन् मनात म्हणत हुतो, आई अंबाबाई, वाट सपाट ठिव.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पंचगंगेचा डोह हाय, तितं गुरं बी उतरत न्हाईत. काठाला आमी थांबलो. म्हणजे मी थांबलो, आन् त्यो लांब, पिशवी धरून, पाण्याकडं बगत नुसता हुबा. लई येळ. त्येच्या डोळ्यात काय चाललंय मला कळत न्हवतं, बा असंल, गाणं असंल, सोबती असतील. मला त्येची दया आली. दया आली म्हणून मी मागं फिरलो न्हाय.

"आण हिकडं," मी हात म्होरं केला. "तुला हुईत नसंल तर मी बुडीवतो."

"तुला पवाय येत न्हाय."

"न्हाय येत."

आन् मी पोरीसकट पाण्यात उतारलो. दगूड शेवाळ्यानं बुळबुळीत, लुगडं फुगून वर आलं, पाणी गुडघ्याला, थंडगार, पोर दचकून रडाय लागली. मी त्येच्याकडं हात करून तशीच हुबी. दे. दे म्हणालो न्हवं.

त्यो त्येच्या भाषेत कायतरी मोठ्यानं वरडला, शिवी आसंल, आन् धावत पाण्यात शिरला, मला कोपरानं काठाकडं ढकाललं, आन् म्होरं गेला. छातीपतोर. गळ्यापतोर. पिशवी डोक्यावर. मी पोरीचं कान झाकलं आन् डोळं मिटलं. काय झालं न्हाय. बुडबुडं आलं आसतील, मी बगितलं न्हाय. डोळं उगडलं तवा त्यो रिकाम्या हातानं परत येत हुता, दाढीतनं पाणी गळालतं, आन् म्हातारा झाल्यावाणी दिसालता.

काठावर बसून बूट पिळलं त्येनं. मग म्हणाला, "त्यो मोटारवाला परत येणार. त्येला सांग, मी पिशवी घिऊन पळालो. मग त्यो मला शोधंल, तुज्या दारात बसणार न्हाय."

"आन् तू?"

"मी जातो."

कुटं ते त्येनं सांगटलं न्हाय, मी इचारलं न्हाय. उठला, हात सदऱ्याला पुसलं, वल्या सदऱ्याला वलं हात, आन् पोरीकडं म्होरं केलं. "एकदा, वैनी."

मी दिली न्हाय. तिला खांद्यावर घट्ट धरली आन् मान हलवली. लोकं म्हंत्याल, बाईनं येवढं केलं आन् शेवटी एकदा पोर द्यायला काय झालं. ज्येनं म्हणायचं त्येनं म्हणावं. आज इचारलं तरी मी देणार न्हाय. त्येनं हात खाली घेतलं, डोकं हलवलं, आन् नदीच्या कडंकडंनं वडगावच्या अंगाला चालत गेला.

नवऱ्याला सांगटलं तर त्येचं तोंडच वासलं. पैलं मला शिव्या, मग त्येला शिव्या, मग म्हणाला, "पोरीला घे आन् म्हायेरी जा, पेठ वडगावला, त्यो मोटारवाला येऊन जाईपतोर." आत्ती बी म्हणाली जा. तिला तर आपण हाक मारली म्हणून घास गिळंना.

"न्हाय," मी म्हणालो. "मी गेलो तर त्येला वाटणार पिशवी घिऊन गेलो. मी हितंच हाय."

भ्या गेलं न्हवतं. रोज कान रस्त्याला. पोरगी बी पैल्यासारकी पोटभर पीत न्हवती, का माजंच दूध आटलं हुतं कोण जाणे.

आवस जवळ आली आन् मोटार आली. ह्या खेपेला गुऱ्हाळावरलं कोण पळालं न्हाय, नवऱ्यानं सगळ्यास्नी बजावल्यालं. मी दारात. पांढऱ्या सदऱ्यानं खोप बगितली, पाचट उचकटलं, आन् माज्याम्होरं आला. "वो किदर? बॅग किदर?"

"पळाला!" मी हात लांब करून दावलं. "पिशवी लेके भाग गया! कवाच!"

त्यो माज्या तोंडाकडं बगत राह्यला. मग मला बाजूला सारून घरात शिरला, आन् कुटं गेला म्हायतीय? डब्याकडं न्हाय, फडताळाकडं न्हाय. सरळ पाळण्याकडं. गुडघ्यावर बसला आन् पाळण्याखालच्या फळीवर हात घातला. तितं कुणी बगत न्हाय म्हणं.

फळीवर लंगोटांची चळत हुती. त्येनं ती काढून भुईवर टाकली. मग उठून पोरीच्या अंगाखालचं दुपटं उचलाय लागला, आन् माजं भ्या कुटं गेलं मला म्हाईत न्हाय, मी त्येचं मनगाट धरलं. दोनी हातांनी.

"पोर हाय!" इंजनाच्या वर आवाज गेला माजा. "दिसत न्हाय व्हय? पोर हाय! हात काढ!"

दारात नवरा आन् चार गडी येऊन हुबं राह्यलं, हातात उसाचं कोयतं. पांढऱ्या सदऱ्यानं त्येंच्याकडं बगितलं, माज्याकडं बगितलं, आन् दुपटं सोडलं. पोर टुकूटुकू त्येच्याकडं बगालती. त्यो गेला. मोटारीचं दार आपटल्यालं आईकलं आन् मग मी खाली बसलो.

आत्ती लंगोटं गोळा करालती. नवरा म्हणाला, पाणी पी. मी म्हणालो, पाणी ऱ्हाऊ द्या, पैलं ह्यो पाळणा भाईर काढा. त्येला फळी हाय. वरच्या आड्याला दोर बांधा आन् पोरीला लुगड्याची झोळी करून द्या, खाली मोकळी भुई, कुणाला कायबी ठेवाय जागाच नको.

त्येनं दोर आणला. मी जोर लावून गाठ वडून बगितली, आन् मग पोरीला आत ठिवली.